ओरडून बसलेला घसा

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. माहीत असूनही तिने कधी कोणाला हटकलं नाही, कारण खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडलं होतं. नाकाखाली घसरलेला मास्क तिला व्हरांड्याच्या पार त्या टोकावरून दिसायचा. हात धुताना अंगठा विसरणाऱ्या डॉक्टरला ती बेसिनपाशी परत उभं करायची, मग तो कितीही मोठा असो. नवी साथ आल्यापासून तर तिच्या फौजदारीला ऊतच आला होता. हा आजार श्वासातून पसरतो म्हटल्यावर तिने पहिली धाड घातली ती चहाच्या खोलीवर. चारपैकी तीन खुर्च्या बाहेर काढल्या, उरलेली एक भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि जाहीर केलं, “एकेकाने यायचं, भिंतीकडे बघत चहा प्यायचा आणि चालू लागायचं. गप्पा साथ संपल्यावर.”

“भिंतीशी बोललं तर चालेल का?” एका ब्रदरने विचारलं.

“चालेल. मास्क लावून.”

तिचं काही चुकत नव्हतं. दवाखान्यातली माणसं पेशंटजवळ जाताना अशी झाकून जातात की सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. पण तीच माणसं आपसात बसली की मास्क हळूच हनुवटीवर येतो. पेशंट परका, त्याची धास्ती वाटते. बरोबर काम करणारा आपला, त्याची कसली आलीय धास्ती? खालच्या मजल्यावरचे निम्मे लोक एका झटक्यात आडवे झाले होते, ते पेशंटमुळे नव्हे, तर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकमुळे. ही गोष्ट सिस्टर येईल त्याला तिखटमीठ लावून ऐकवायची.

आणि हीच फौजदार रोज दुपारी धुतलेल्या चादरींच्या खोलीत जाऊन, दार आतून लोटून, मावशीसमोर मास्क काढून चहा प्यायची.

मावशी म्हणजे तिची नात्यातली मावशी नव्हे. दवाखान्यात चादरी बदलणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, पेशंटला कुशीवर वळवणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. या वॉर्डाची मावशी ठेंगणी होती, गोल होती आणि अखंड बोलायची. सिस्टर नवखी नर्स म्हणून वॉर्डात आली, पहिला मृत्यू पाहून चादरींच्या खोलीत रडत बसली, तेव्हा मावशीने तिच्या हातात चहाचा कप दिला होता आणि तिचं रडणं सोडून स्वतःच्याच गुडघ्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती. तेव्हापासूनची ती खोली आणि तेव्हापासूनचा तो गुडघा. मावशीचं रोज काही ना काही दुखायचंच. गुडघा नसला तर पित्त, पित्त नसलं तर सून. सिस्टर ऐकायची, मधूनमधून रागवायची, गोळी आणून द्यायची. स्वतःबद्दल विचारलं की म्हणायची, “मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत.” नवरा गेला त्या आठवड्यातही ती ठणठणीतच होती. लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हाही.

वॉर्डात, चार माणसांत, मावशी तिला ‘सिस्टर, तुम्ही’ म्हणायची. चादरींच्या खोलीचं दार लोटलं की ‘तू’ आणि ‘अगं’. हा नियम कोणी केला नव्हता, तो आपोआप पडला होता. त्या खोलीत मास्कचं लक्षातच यायचं नाही, यावरून काय ते समजा. खिडकी कधीच उघडत नव्हती, छतापर्यंत चादरींच्या थप्प्या होत्या आणि दोघींची स्टुलं गुडघ्याला गुडघा लागेल अशी होती. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर फौजदारने त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं. पण समोर मावशी होती. आपल्याच माणसाला कोण घाबरतं?

एके दिवशी सिस्टर उठली तीच बसलेल्या आवाजाने. त्यात विशेष असं काही नव्हतं. दोन मास्क आणि वर प्लास्टिकची काच लावून दिवसभर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. निम्म्या वॉर्डाचे घसे बसलेले होते आणि ब्रदर लोक त्याच घोगऱ्या आवाजात एकमेकांची नक्कल करत हसायचे. पण तिचं अंगही मोडून आलं होतं, आणि पाठ तर कोणी काठीने बडवल्यासारखी. ताप तिने पाहिला नाही. पाहिला असता तर दिसला असता, आणि दिसला असता तर घरी राहावं लागलं असतं. तिच्या दोन नर्स आधीच आजारी होत्या, तिसरी पोर सलग दुसरी ड्यूटी ओढत होती. आपण नाही गेलो तर तिच्या गळ्यात तिसरी पडणार. सिस्टरने एक गोळी घेतली आणि निघाली. दारावरच्या शिपायाने कपाळासमोर यंत्र धरलं तोवर गोळीने आपलं काम केलं होतं.

दुपारी मावशी म्हणाली, “आवाज का गं असा? कावळ्यासारखा?”

“ओरडून.”

“मग जरा कमी ओरड.”

“कमी ओरडले तर मरतील सगळे,” सिस्टर म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता सिस्टरला खोकला आला. मावशीने पुढे वाकून तिच्या पाठीवर हात फिरवला.

चार दिवसांनी मावशी चादरींची गाडी ढकलता ढकलता मध्येच थांबली आणि भिंतीला टेकली. दुपारपर्यंत ती फणफणली होती. मग सगळ्या वॉर्डाची तपासणी झाली. बाकी सगळे सुटले, दोघी सापडल्या: मावशी आणि फौजदार. ब्रदर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून चहा पिणाऱ्यांना काही झालं नव्हतं. पण कोणी टोमणा मारला नाही, आणि तेच सिस्टरला जास्त लागलं.

आजारी कर्मचाऱ्यांसाठी वरच्या मजल्यावर खोल्या ठेवल्या होत्या. दोघींना एकाच खोलीत शेजारच्या खाटा मिळाल्या. चौकशीला धाकट्या डॉक्टरीणबाई आल्या. पोरगी हुशार आणि मायाळू होती. फौजदारनेच तिला हात धुवायला शिकवलं होतं.

“सिस्टर, तपासणीच्या आधी तुम्हाला काही त्रास होता?”

“काही नाही. ठणठणीत होते. घसा तेवढा बसला होता, ओरडून.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. “कधीपासून?”

सिस्टरने वार सांगितला. सांगता सांगताच तिला कळलं. तोंडातून वार निघाला आणि मागोमाग सगळं उलगडत गेलं: मोडून आलेलं अंग, गोळी, ती दुपार, तो खोकला, मावशीचा पाठीवरचा हात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे घसे तपासणाऱ्या बाईला स्वतःचा घसा ओळखता आला नव्हता. ती शेजारच्या खाटेकडे पाहायचं टाळून म्हणाली, “म्हणजे आधी मला.”

“कोणाकडून कोणाला, हे शोधून आता काही उपयोग नाही,” डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. मावशी तेव्हा गाढ झोपली होती. तिने काही ऐकलं नाही.

संध्याकाळी मावशी जागी झाली. पाहते तो शेजारच्या खाटेवर सिस्टर, तोंडावर मास्क नाही, केस सुटलेले. दोघींनाही तोच आजार, त्यामुळे आता एकमेकींपासून झाकायचं काही उरलं नव्हतं. वॉर्डात आयुष्य काढूनही दोघींनी एकमेकींना असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि मावशीला रडू कोसळलं.

“माझ्यामुळे गं. मीच आणलं तुझ्यापर्यंत. ते कोपऱ्यातले आजोबा, त्यांची चादर बदलताना ते तोंडावरच खोकले माझ्या. तेव्हाच चिकटलं असणार.”

“उगाच काहीतरी बोलू नकोस.”

“तू एकटी राहणारी बाई. तुला काही झालं तर तुझ्या लेकीला मी काय तोंड दाखवू?”

इथेच सिस्टरने सांगून टाकायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण तिला भीती वाटली. भीती वाटण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती भीती आहे हेसुद्धा तिला जरा उशिराच कळलं. मावशी सोडली तर तिला ‘अगं’ म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं. लेक ‘आई’ म्हणायची, बाकी सगळे सिस्टर म्हणायचे, नाहीतर फौजदार. ते एक ‘अगं’ हातचं जाईल म्हणून ती गप्प राहिली, आणि मग एकदा गप्प राहिल्यावर दुसऱ्या दिवशी तोंड उघडणं आणखी अवघड झालं.

त्याऐवजी तिने मावशीची सेवा मांडली. स्वतःच्या अंगात त्राण नसताना ती उठून मावशीला पाणी द्यायची, तिचे केस विंचरून वेणी घालायची, पाठ चोळून द्यायची. मावशीला ऑक्सिजन लावला होता आणि तासन्‌तास पालथं झोपायला सांगितलं होतं, कारण त्याने छातीला जरा सोपं जातं. पालथं झोपून बोलता येत नाही, ही मावशीची सर्वांत मोठी तक्रार होती. पण जेवण समोर आलं की ती ताट सरकवायची.

“नको. माझ्या पापाने तू आजारी, आणि मी काय गिळत बसू?”

“मावशी, चार घास खा. माझी शपथ आहे.”

“तुझी शपथ घालू नकोस. तुलाच तर खाल्लंय मी.”

सिस्टरला ते ऐकवेना. तिच्या चुकीपायी ही बाई उपाशी राहत होती. पोटात अन्न नाही, छातीत दम नाही, अशाने ती टिकणार कशी? तरीही सिस्टरने आणखी एक रात्र जाऊ दिली.

सकाळी मावशीचा ऑक्सिजन घसरला. डॉक्टरीणबाईंनी बोटाला लावलेल्या चिमट्याकडे पाहिलं, एकदा पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, “खाली अतिदक्षता विभागात हलवू या. मी माणसं पाठवते.” सिस्टरने असं वाक्य किती नातेवाइकांना शांतपणे सांगितलं होतं! आज ती स्वतः खाटेचा दांडा धरून उभी राहिली. खाली गेलेले सगळेच वर येत नाहीत, हे तिला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

मावशी पालथी होती, तोंड भिंतीकडे. सिस्टर तिच्या खाटेशी खाली बसली.

“मावशी, ऐक. तू नाही आणलंस. मी आणलं. त्या दिवशी माझा घसा ओरडून नव्हता बसला. अंग दुखत होतं, ताप होता. गोळी घेऊन आले आणि तुझ्यासमोर मास्क काढून बसले. मला कळायला हवं होतं. मला नाही तर कोणाला कळणार? तुझ्याकडून मला नाही आलं, माझ्याकडून तुला आलं. ऐकतेयस ना? तेव्हा आता जेव, बाई. खाली गेल्यावर देतील ते जेव.”

मावशी हलली नाही. तिची पाठ जोराने वरखाली होत होती, पण ती तर कालपासूनच होत होती. सिस्टर वाट पाहत राहिली. तेवढ्यात दारातून पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. मावशीला उचलून त्यावर ठेवलं, नळी जोडली, चादर सारखी केली. जाता जाता मावशी धापा टाकत म्हणाली, “सिस्टर, माझी पिशवी तेवढी सुनेला द्या.”

स्ट्रेचर गेलं. सिस्टर रिकाम्या खाटेवर बसली. द्या. दे नव्हे, द्या. माणसं समोर होती म्हणून ‘द्या’ की आपण सांगितलं ते तिने ऐकलं म्हणून ‘द्या’? एवढ्याशा एका अक्षरावर पुढचे दिवस ती झुरत राहिली. इकडून धरून पाहिलं, तिकडून धरून पाहिलं. कधी वाटायचं, मावशीला काही ऐकूच गेलं नसेल, बिचारी अजून स्वतःलाच दोष देत असेल. कधी वाटायचं, नीट ऐकलं असेल आणि ते मनात धरूनच ती जाईल. दोन्हीपैकी काय वाईट हे तिला ठरवता येईना. लेकीचा फोन आला की ती म्हणायची, “मी ठणठणीत,” आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची.

खालून रोज निरोप यायचा. आज तशीच. आज जरा जास्तच. आज तशीच. मग एके दिवशी तोच चहाच्या खोलीतला ब्रदर दारात उभा राहून ओरडला, “सिस्टर, तुमच्या मावशीने आज खायला मागितलं आणि मिळालं ते बेचव आहे म्हणून भांडली!” सिस्टरने त्याला नाक झाकायला सांगितलं आणि मग तोंडावर पांघरूण घेऊन पोटभर रडली.

बरी झाल्याचा शिक्का मिळाला आणि कामावर परतली त्या पहिल्याच दिवशी सिस्टरने आपला वॉर्ड नजरेखालून घातला, दोघांना मास्कवरून झापलं, आणि थेट अतिदक्षता विभागाच्या दाराशी जाऊन पोशाख चढवला. आत मावशी उशीला टेकून बसली होती. मोठं यंत्र निघालं होतं, नाकाशी बारीक नळी तेवढी उरली होती. ती निम्मी झाली होती. गालांची हाडं वर आली होती, आणि वेणी कोणी तरी वेडीवाकडी घातली होती.

झाकलेल्या पोशाखात कोण आलंय हे ओळखायला मावशीला वेळ लागला नाही. शेजारच्या खाटेचा कठडा नीट लागलेला नव्हता. आलेल्या बाईने आधी तो खाडकन लावला आणि मगच ती मावशीकडे वळली.

“कशी आहेस?” सिस्टरने विचारलं.

“जिवंत आहे.”

यंत्रं टुकटुकत होती.

“तुला नेलं त्या दिवशी मी काही सांगितलं होतं. ऐकलं होतंस?”

“पालथी होते. बहिरी नव्हते.”

“मग ते ‘द्या’... माणसं होती म्हणून म्हणालीस ना?”

“नाही.”

सिस्टरने मान खाली घातली. “रागाव. तुझा हक्कच आहे. माझ्यामुळे तू इथवर आलीस.”

“आजाराचं सोड गं,” मावशी म्हणाली. तिला धाप लागली, ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. थांबून थांबून बोलावं लागण्याचाही तिला राग आला होता. “आजार काय, तू नाही तर दुसऱ्या कोणी दिला असता. कामच तसलं आपलं. मला राग त्याचा नाही आला. माझा गुडघा, माझं पित्त, माझी सून, सगळं तुझ्या पुढ्यात ओतत आले. तुझं मला काय ठाऊक आहे? त्या दिवशी तुझ्या अंगात ताप होता. मी समोर बसले होते, विचारलं होतं. तर म्हणालीस, ओरडून. सांगितलं असतंस तर दोन चादरी अंगावर घालून तुला तिथेच झोपवलं असतं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली असती. मला वाटायचं, ही माझ्यासमोर तोंड उघडं करते, म्हणजे मी हिची. मास्क तेवढा काढत होतीस माझ्यासमोर. बाकी सगळं झाकलेलंच.”

सिस्टरच्या चष्म्याच्या आतून धुकं दाटलं. इथे हाताने काही पुसता येत नाही, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. ती तशीच उभी राहिली.

“आता सांग,” मावशी म्हणाली. “काय दुखतंय?”

“काही नाही गं, मी ठण...”

मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. जोर लावून, नळीसकट.

सिस्टर तिच्या त्या वेड्यावाकड्या वेणीकडे पाहत राहिली. मग स्टूल ओढून खाटेला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. आतल्या मास्कमध्ये तिचा आवाज नीट उमटेना. इतक्या वर्षांत तिने तो या कामासाठी कधी वापरलाच नव्हता.

“पाठ दुखते,” ती म्हणाली. “खांद्यांच्या मध्ये. जिना चढले की अजून दम लागतो, मी लँडिंगवर खिडकी बघायच्या निमित्ताने थांबते. झोप लागत नाही. आणि घरी गेलं की...” ती अडखळली. “घरी गेलं की किल्लीचा आवाज होतो आणि त्यानंतर कसलाच आवाज होत नाही. ते फार दुखतं. हे गेले तेव्हापासून दुखतं.”

मावशीने तोंड इकडे वळवलं. हातमोज्यातला सिस्टरचा तो जाडजूड हात तिने चादरीवरून ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. दारातल्या नर्सने वेळ संपल्याची खूण केली. फौजदारने तिच्याकडे पाहिलंच नाही.

“अजून?” मावशीने विचारलं.